अकरा नंबरचा गोटा

आमच्या बोलीत आम्हाला एकच नाव आहे, कोयतोर. त्याचा अर्थ माणूस. बस, एवढंच. गोंड हे नाव बाहेरच्यांनी दिलं. सिरोंच्याकडचे तेलुगू लोक डोंगराला कोंडा म्हणतात, त्यावरून ते आलं असं शिकलेली माणसं सांगतात. खरंखोटं त्यांनाच ठाऊक. आदिवासी हे तर सगळ्यात धाकटं नाव. आदि म्हणजे आरंभ, वासी म्हणजे राहणारा. आरंभापासूनच्या लोकांसाठी केलेला हा शब्द माझ्या आजोबांच्या कानावर बहुतेक कधी पडलाही नसेल. मी तो पहिल्यांदा आश्रमशाळेत ऐकला, आणि त्याच्याच शेजारी पुस्तकात आणखी एक शब्द होता, आदिमानव. त्या दुसऱ्या शब्दाची गोष्ट सांगायची मी आजवर टाळत आले. नातीनं विचारलं तरी सांगितली नाही. आता गुडघे गेले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणखी कशाची वाट पाहायची?

आमचं गाव अहेरीहून पुढं, दोन नाले ओलांडून. कुडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर, मागं मोहाची तीन झाडं. घरात बाबा आणि मी. आई तापानं गेली तेव्हा मी दहा वर्षांची असेन. तीन दिवस हुडहुडी भरली आणि चौथ्या दिवशी ती जावा रांधायला उठली नाही. जावा म्हणजे कोसरी या बारीक धान्याची पातळ पेज. ती भोपळ्याच्या तुंब्यात भरायची, शेतावर न्यायची, उन्हात पानाच्या द्रोणातून प्यायची. आईची जावा शिजली की ती लाकडी पळी गंजीच्या काठावर दोनदा आपटायची, टक् टक्. हाक मारायची तिला सवय नव्हती. तो आवाज आला की बाबा कुऱ्हाड ठेवून यायचे आणि मी जिथं असेन तिथून पळत यायची. गंजी, म्हणजे आमचं पातेलं, जर्मनची होती, ॲल्युमिनियमची, अहेरीच्या बाजारातून आणलेली, एक कान तुटलेला. तिच्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, शिजायचे, तिच्यातच डाळ, तिच्यातच मोहाची फुलं. दुसरी गंजी घरात नव्हतीच.

आमच्याकडं माणूस गेला की त्याचा दगड उभा करतात. आम्ही गोटा म्हणतो. बाबा आणि माझे मामा डोंगरावर जाऊन गोटा निवडून आले. गेलेल्या माणसाच्या मनात असेल तरच गोटा हलतो, नाहीतर दहा जणांनाही उचलत नाही, असं आमचे लोक मानतात. आईचा गोटा पहिल्यांदा उचललाच जाईना. मामा घामेघूम. मग बाबा त्याच्याजवळ बसले, त्यावर हात ठेवला, हळू आवाजात काहीतरी बोलले. काय बोलले ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मग गोटा उचलला गेला. बांबूच्या डोलीवर घालून, ढोल वाजवत, गावाच्या वेशीपाशी आणला आणि आमच्या कुळाच्या रांगेत शेवटी उभा केला. पायथ्याशी आईची गंजी पुरली. पुरण्याआधी मामांनी तिच्या बुडाला भोक पाडलं, म्हणजे ती आता जित्या माणसाच्या कामाची राहिली नाही.

दोन गोष्टी इथंच सांगून ठेवते. पहिली, गेलेला माणूस सुखात असला तर त्याचा गोटा वाढतो. बाबा वर्षातून एकदा, नवं धान्य आलं की, आईच्या गोट्यापाशी जाऊन उभे राहायचे आणि तो आपल्या कमरेला लावून बघायचे. एकदा मला म्हणाले, "वाढून राह्यली तुही माय. मांगच्या साली इथी होती, आता पाह्य, इथवर आली." त्या दिवशी ते घरी येईपर्यंत हसत होते. दुसरी गोष्ट, गोटा उभा राहिल्यावर गेलेल्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही. नाव घेतलं की त्याला हाक ऐकू जाते, तो मागं मागं घरी येतो आणि मग जात नाही. (आम्ही बोलायचो आमच्या माडिया बोलीत. इथं आमच्याकडच्या मराठीत लिहिते, म्हणजे तुम्हाला कळेल.)

आईनंतर बाबांनी मला आश्रमशाळेत घातलं. हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी रैनू हे नाव खोडून सुनंदा लिहिलं. शाळेत पाणचट वरण, कीड लागलेला भात, शंभर पोरींना दोन नळ. पण मी अभ्यासात पुढं होते आणि मराठी मला भराभर आली. पुस्तकातल्यासारखी बोलत होते म्हणा ना. पाचवीच्या पुस्तकात एक चित्र होतं. वाढलेले केस, अंगाला कातडं, हातात दगड घेतलेला उघडा माणूस. खाली लिहिलेलं, आदिमानव. गुरुजी वर्गात फिरत आले आणि माझ्या बाकाशी थांबले.

"आदिमानव कसा होता? लांब कशाला जायचं! आपली सुनंदा आहे ना. हिच्या गावात अजून दगडालाच देव म्हणतात. काय गं, खरं की नाही?"

वर्ग खदाखदा हसला. तेव्हापासून मी आदी झाले. ए आदी, पाणी आण. ए आदी, तुझं कातडं कुठंय? वर्षभर. हसणाऱ्यांत आमच्याच जातीच्या पोरीही होत्या, आणि त्या सगळ्यांत मोठ्यानं हसायच्या. मला त्याचा राग यायला हवा होता. नाही आला. मीही त्यांच्या जागी असते तर हसलेच असते.

स्वयंपाकाला कांताबाई होत्या, सिंदेवाहीकडच्या, बौद्ध घरच्या. तांदूळ निवडताना मी त्यांच्या पाठीमागं बसून रडायची. त्या मागं न बघता म्हणायच्या, "अवो, आदी म्हंजे आधीचे. आधी तुमी होते, मांगून आमी सारे आलो. ह्यात रडाचं काय हाये? त्या मास्तरले काय अक्कल हाये काय?" मला ते पटायचं नाही. पुस्तकात छापलेलं खरं, चुलीपुढं बसलेल्या बाईचं कसं खरं असेल? चौदा वर्षांची अक्कल किती असते!

त्याच दिवाळीच्या सुट्टीत मी घरी असताना गावात जीप आली. दूरच्या शहरातल्या कॉलेजातले एक सर, चार विद्यार्थी, एक शिपाई, आणि हातात कागद. जुने दगड शोधत हिंडणारी माणसं होती ती. बाबांना बाजारापुरती मराठी येत होती, मीठ, तेल, लुगडं, एवढीच. गावातल्या लोकांनी मला पुढं ढकललं. शाळा शिकलेली मीच होते ना. मला काय वाटलं असेल ते सांगते: छाती फुगली. मास्तरांच्या वर्गात ज्या पोरीला खाली मान घालून बसावं लागायचं, तिच्याशिवाय इथं कुणाचंच पान हलणार नव्हतं.

सर वाईट माणूस नव्हते. हे लिहून ठेवायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर ढकलणं फार सोपं आहे. ते गोट्यांच्या रांगेपाशी उभे राहिले, डोक्यावरची टोपी काढली आणि मला म्हणाले, "बाळ, नीट ऐक. हे दगड तुमच्या माणसांचे असतील तर आम्ही हात लावणार नाही. मोजमाप घेऊ आणि जाऊ. पण हे फार प्राचीन लोकांचे असतील, तर एका दगडाखाली खणून बघायचं आहे. तुझ्या वडिलांना विचार."

मी विचारलं. बाबा म्हणाले, "सांग त्याले, हे आमचेच आहेत. पल्याडचे आज्या-पंज्याचे, अल्याडचे आताचे. हा टोकाचा कोनाचा हाये ते मी तोंडानं सांगत नाई. तुले मालूम हाये. सांग."

मी वळले. सरांच्या बाजूला कॉलेजातली एक ताई होती, इस्त्रीचे कपडे, दोन रिबिनी, हातात वही. माझ्या कपाळावरचं गोंदण ती कधीपासून बघत होती. मी तोंड उघडायच्या आधीच तिनं विचारलं, "ए, तुमच्यातले लोक अजून असले दगड लावतात का गं?"

काय होतं त्या आवाजात? वाईट काहीच नव्हतं. नवल होतं, बस. पण माझ्या डोळ्यांपुढं पुस्तकातलं ते चित्र आलं. कातडं, केस, हातातला दगड. मला वाटलं, आता हो म्हटलं की हिच्या वहीतही माझं चित्र निघणार.

"नाही ताई," मी म्हणाले. "हे आदिमानवांचे आहेत. आमचे नाहीत."

"आदिमानव! वा, छान शब्द येतो की तुला," सर म्हणाले. "शाबास."

आजवर मला पुष्कळ शाबासक्या मिळाल्या. सरकारी नोकरीत निवृत्त होताना शाल मिळाली, नारळ मिळाला. पण शाबास हा शब्द मी पुढं माझ्या पोरांनाही कधी म्हटला नाही.

बाबांनी विचारलं, "काय म्हनते तो?"

"मोजतीन आनं जातीन," मी म्हणाले. एक खोटं पचवायला दुसरं. बाबांनी मान हलवली आणि पाहुण्यांना प्यायला ताडी आणायला गेले. संध्याकाळपर्यंत त्या ताईनं पांढऱ्या रंगानं प्रत्येक गोट्यावर नंबर घातला. आईचा टोकाचा, अकरा नंबर. बाबांनी बोटानं रंग चाचपून पाहिला आणि विचारलं, हे कायले? मी म्हणाले, मोजतात बापा, मोजतात. ते बोट पुसून घरी वळले. शिकलेल्या लेकीवर माणूस विश्वास ठेवतो.

दुसऱ्या दिवशी बाबा धान कापायला नाल्यापलीकडच्या बांधीत गेले. गावात म्हातारी माणसं आणि शिपायाला घाबरलेल्या बाया. मी घरात बसून राहिले, दार लावून. म्हटलं, दहाव्याखाली खणतील, चौथ्याखाली खणतील, माझ्या आईच्याच खाली कशाला? पण टोकाचा गोटा थोडा कलला होता, आणि कललेला काढायला सोपा. हे मला आज कळतं. तेव्हा फक्त सब्बलीचा, खणायच्या पहारीचा, आवाज ऐकू येत होता. मातीत सब्बल घुसली की भद्द असा आवाज येतो. भद्द, भद्द, भद्द. मग एकदा वेगळा आवाज आला. टक्.

अजून एकदा, टक्.

मी धावले. कशी धावले ते आठवत नाही, पायात काटा रुतलेला तिथं गेल्यावर कळला. गोटा आडवा पडलेला, अकरा नंबर आभाळाकडं. खड्ड्यात सर गुडघ्यावर बसलेले आणि त्यांच्या हातात आमची गंजी. एक कान तुटलेली, बुडाला भोक. आत माती आणि आईच्या हिरव्या बांगड्यांचे तुकडे. गंजीच्या बुडाला कारखान्याचा शिक्का असतो ना, तो त्यांनी अंगठ्यानं पुसला, वाचला, आणि त्यांचा चेहरा असा झाला की तसा मी पुढं फक्त दवाखान्यात पाहिला, नातेवाइकांना बातमी सांगताना डॉक्टरांचा.

"हे तर आत्ताचं आहे," ते म्हणाले. "मुली, हे कुणाचं?"

कोयतोर गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत म्हणून गप्प राहिले असं म्हणायला मला आवडलं असतं. तसं नव्हतं. मी भ्याले होते.

कुणीतरी बाबांना सांगायला धावलं होतं. ते हातात विळा तसाच घेऊन आले, पायांना चिखल. आडव्या गोट्याकडं पाहिलं, गंजीकडं पाहिलं. सरांनी हात जोडले आणि माझ्याकडं बोट करून काहीतरी बोलू लागले. शब्द बाबांना कळले नसतील, बोट कळलं. त्यांनी माझ्याकडं एकदाच पाहिलं. मारलं असतं तर बरं झालं असतं हो! मी त्या माराची आयुष्यभर वाट पाहिली.

सरांनी गोटा परत उभा करायला हात पुढं केले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. गावानं त्यांना हात लावू दिला नाही. ते गेले. दोन दिवसांनी मामाचं गाव आलं, कारण एकदा आडवा झालेला गोटा उभा करायला माहेरचीच माणसं लागतात. बैठक बसली. माझ्या मोठ्या मामांनी विचारलं, "परक्याले सांगतलं कोनी, का हा गोटा आपला नाई म्हनून?"

मी बाबांच्या मागं बसले होते. मला त्यांची पाठ दिसत होती.

"मी सांगतलं," बाबा म्हणाले. "मले त्याची भाषा नाई समजली. चूक माही हाये."

मामा थुंकले. बायकोला नाकारणारा नवरा म्हणून माझ्या बापाला त्या दिवशी जे ऐकावं लागलं ते मी इथं लिहिणार नाही. मामांच्या गावानं गोटा उभा करून दिला, जेवण घेतलं नाही, आणि त्यानंतर आमच्या घरी पाणीही प्यायला आले नाहीत. बाबा राखेनं आणि नारळाच्या शेंडीनं तो पांढरा आकडा घासत बसले. निघाला नाही.

घरी परतताना, वाटेत, त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं, "त्याइले तू कोनता शब्द सांगतला?"

"आदिमानव."

"म्हंजे?"

"सगळ्यात पयले लोक. सगळ्याच्या आधीचे."

ते दहा-बारा पावलं चालले. मग म्हणाले, "हे तं चांगलं हाये. मग आपले नाई म्हनाची काऊन लाज?"

मी शाळेत परतले आणि सगळं कांताबाईंना सांगितलं. वाटलं, ही तरी जवळ घेईल. त्यांचे तांदूळ निवडणारे हात थांबले. म्हणाल्या, "आमच्या लोकाईनंबी लई नावं सोसली पोरी. शेवटी जुनं नावच टाकून देल्लं आमी, नवं घेतलं. पर मायले नाई म्हनलं नाई कोनी." आणि पुन्हा निवडायला लागल्या. तेवढं बोलणं मला पुरून उरलं.

पुढं मी नर्स झाले. अहेरीच्या दवाखान्यात माझी खुर्ची डॉक्टरांच्या टेबलाच्या बाजूला असायची, कारण माडिया बायांचं दुखणं डॉक्टरांना मीच सांगायची. कुठं दुखतं, कधीपासून, किती पोरं गेली. एकेक शब्द दोनदा विचारून सांगायची. डॉक्टर वैतागायचे, म्हणायचे, सिस्टर, थोडक्यात सांगा. मी थोडक्यात सांगत नसे. लोकांना वाटायचं, बाईला कामाची हौस. हौस कसली डोंबलाची!

आणि बाबा? बाबा माझ्याशी बोलायचे, जेवायचे, माझ्या पोरांना खांद्यावर घ्यायचे. रागाचा एक शब्द नाही. पण त्या दिवसानंतर त्यांनी माझ्याकडून एकही कागद वाचून घेतला नाही. जमिनीच्या पट्ट्याचा कागद आला, रेशनचा आला, ते घेऊन ते चार कोस चालत दुकानदाराकडं जायचे, शिकलेली लेक घरात बसलेली असताना. शेवटी त्यांना गडचिरोलीच्या दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर ऑपरेशनबद्दल विचारत होते. मी पलंगाशी वाकून माडियात सांगायला लागले. बाबांनी हात वर केला. "तू नोको," म्हणाले, आणि वॉर्डातल्या एका परक्या माडिया पोराला बोलावून घेतलं. त्या पोरानं मोडकंतोडकं सांगितलं, बाबांनी नीट ऐकलं आणि मान हलवली. मी पायथ्याशी उभी होते. ऑपरेशनच्या आधीच ते गेले.

त्यांचा गोटा आईच्या बाजूला आहे. आईचा त्यानंतर वाढला नाही. मी दरवर्षी जाते आणि कमरेला लावून बघते. बघतेच.

गेल्या हिवाळ्यात गेले होते. आता तिथून डांबरी रस्ता जातो. माझा चुलतभाऊ लालसू गाडीवरून घेऊन गेला होता. आम्ही उभे असताना एक मोटार थांबली, नवरा, बायको, एक मुलगी, तेरा-चौदा वर्षांची. फोटो काढायला उतरले. नवऱ्यानं मला मावशी म्हटलं आणि विचारलं, "हे आदिमानवांच्या काळातले का हो?"

पन्नास वर्षं झाली, शब्द तोच. ती मुलगी माझ्या कपाळाकडं बघत होती.

"नाही," मी म्हणाले. "हा आकडा दिसतो ना पुसट, अकरा, तो माझ्या आईचा. वंजे तिचं नाव. जावा छान करायची. बाजूचा माझ्या बाबांचा. त्यांचं नाव चैतू."

ते बिचारे ओशाळले, फोन खिशात घातले, हात जोडले आणि गेले. लालसू माझ्यावर भडकला. "बाई, येडी झाली काय तू? मेलेल्याचं नाव घेतलं! तेबी इथी, गोट्यापाशी! आता मांगं मांगं घरी येतीन ना ते!"

"येऊ दे," मी म्हणाले.